ताऱ्यांच्या बिरादरीत आपली भाषा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



आज जरा दूरचा विषय घेतला आहे. समजा, सन ३००० मध्ये एखादा इतिहासकार 'मानवजात ताऱ्यांच्या बिरादरीत कशी सामील झाली' याचा इतिहास लिहावयास बसला. ही अर्थातच कल्पना. पृथ्वीबाहेर कोणी राहते, याचा पुरावा आजवर कोणालाही मिळालेला नाही. परंतु त्या इतिहासाचे पहिले पान मात्र कल्पनेतले नाही. ते १९७७ सालीच लिहून झाले आहे, आणि त्यावर आपलीही नोंद आहे.

त्या वर्षी अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने तीत ५५ भाषांतील शुभेच्छा घातल्या. त्यांत मराठीतला नमस्कार आहे आणि उर्दूतला सलामही आहे. अरबीत तर ताऱ्यांवरील मित्रांना कधीतरी भेटण्याची इच्छा कळविली आहे. या शुभेच्छा देणारे बहुतेक जण राजदूत किंवा मंत्री नव्हते; कॉर्नेल विद्यापीठातील व त्याच्या आसपासची साधी माणसे होती. मुलाला मराठी शाळेत घालावे की उर्दू, यावर आपल्या घरोघरी केवढा वाद! तिकडे दोघीही एकाच तबकडीवर बसून निघाल्या आहेत.

त्याच तबकडीवर केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई मूळच्या गोव्यातील केरी गावच्या, तर त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गवई. मला गाण्यातले फारसे कळत नाही. परंतु शिक्षक म्हणून एक गोष्ट मनात भरते. तबकडीवर खाँसाहेबांचा आवाज नाही, शिष्येचा आहे. तालीम मात्र त्यांची. वर्षानुवर्षांच्या त्या मेहनतीतून घडलेला आवाज आज सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून पुढे गेला आहे. व्हॉयेजर-१ ने ती सीमा ऑगस्ट २०१२ मध्ये पार केली.

आता हिशेब करा. हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. तरीही दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जरा जवळून जावयास त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील! म्हणजे आपला सन ३००० मधला इतिहासकार पुस्तक लिहून संपवील, तरी तबकडी वाटेतच असेल. बोलणे व्हावयाचे ते रेडिओलहरींतूनच. त्या प्रकाशाच्या वेगाने जातात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. पोर पहिलीत जाताना तिकडे सलाम धाडला आणि कोणी लगेच जबाब दिला, तरी तो ऐकावयास पोर नववीत पोचलेले असेल.

येथे पालकांना विचारतो: त्या वेळी आपली मुलगी शाळेत असेल ना? काही घरांत आठवीनंतर मुलीचे नाव काढले जाते, मुलाला धंद्यावर बसविले जाते. घरच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण जबाब आला आणि ऐकणारा दप्तर ठेवून निघून गेला, तर काय उपयोग?

जबाब ऐकू शकेल असा कान फार दूर नाही. आपल्या खोपटच्या स्थानकातून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा या वाटेने नारायणगाव गाठावे. तेथून जवळच खोडद. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे ३० प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर! ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे श्यापारेली यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा कोट्यवधी किलोमीटरवरून आलेला त्याचा क्षीण संदेश याच दुर्बिणीने टिपला. ते यान पुढे आदळून फुटले. आपल्या कानाने मात्र काम चोख केले.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुलेही आपले प्रयोग मांडतात. यंदा आपल्या शाळेचीही एक गाडी न्यावी, अशी संस्थेला विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलींची नावे प्रथम घ्यावीत. त्यांच्यासोबत आयांपैकी कोणी येणार असतील, तर त्यांनाही जागा ठेवू.