टचपॅड आणि लिहिणारा हात



लिहितां लिहितां शब्द एकाएकीं मागच्या ओळींत जाऊन पडावेत, किंवा अख्खा परिच्छेद एका कळीसरशी नाहींसा व्हावा, हा अनुभव लॅपटॉपवर लिहिणाऱ्या पुष्कळांना येतो. वृद्ध माणूस अशा वेळीं आपल्या कांपऱ्या हातांना दोष देतो आणि आठवणी लिहून ठेवण्याचा संकल्पच सोडतो. वस्तुतः दोष हातांचा नव्हे. कळफलकाखालच्या गुळगुळीत पाटीच्या, म्हणजे टचपॅडच्या, पोटांत विद्युद्वाहक रेषांची जाळी असते. बोट टेकलें कीं तेथील विद्युत्-धारकता बदलते व त्यावरून यंत्र बोटाची जागा ओळखतें. तळहाताचा ओझरता स्पर्शही तिला कधीं कधीं बोटासारखाच भासतो.

लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं ज्या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला, त्या लिनक्समध्यें यावर उपाय आहेत. परंतु ते क्रमानें करावेत. प्रथम माउस जोडून तो नीट चालतो ना, हें पाहावें. दुसरें दार उघडण्यापूर्वीं पहिलें लावून घेणारा मनुष्य घरांतच कोंडला जातो.

ग्नोम वापरणारांनीं सेटिंग्जमधील ‘माउस अँड टचपॅड’ हें पान उघडावें. केवळ स्पर्शानें होणारें क्लिक तेथें बंद करतां येतें. कित्येकांना एवढेंच पुरतें. न पुरल्यास टचपॅडची कळच बंद करावी.

जुन्या एक्स-११ पद्धतीवर टर्मिनलमध्यें ‘एक्सइनपुट लिस्ट’ ही आज्ञा रोमन लघु अक्षरांत टंकावी. जोडलेल्या उपकरणांची यादी क्रमांकांसह येते. मग ‘एक्सइनपुट डिसेबल’ व पुढें टचपॅडचा क्रमांक लिहिला कीं पाटी निद्रिस्त होते. ‘इनेबल’ म्हटलें कीं पुन्हां जागी होते. हा परिणाम त्या बैठकीपुरताच टिकतो, आणि क्रमांकही पुढच्या वेळीं बदलूं शकतो. म्हणून आज्ञा कायमची नोंदवून ठेवावयाची असल्यास क्रमांकाऐवजीं उपकरणाचें नांव लिहिणें श्रेयस्कर.

फेडोरानें २०१६ सालीं वेलँड ही नवी पद्धति मुख्य म्हणून स्वीकारली. तेथें वरील आज्ञेचा उपयोग होत नाहीं. तेथें ग्नोममध्यें ‘जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.पेरिफेरल्स.टचपॅड सेंड-इव्हेंट्स डिसेबल्ड-ऑन-एक्स्टर्नल-माउस’ ही आज्ञा द्यावी. माउस जोडला कीं पाटी निजते व काढला कीं उठते. प्रवासांत माउस घरीं राहिला तरी अडत नाहीं, म्हणून माझ्या मतें हाच उपाय सर्वांत सुरक्षित.

विद्यार्थ्याला बाक उंच पडला, तर आपण बाक बदलतों. विद्यार्थ्याचे पाय लांबवीत नाहीं. यंत्राविषयींही हाच न्याय पाळावा. एक कळ फिरविल्यानें जर कोणा आजोबांचें अर्धवट राहिलेलें लेखन पुरें होणार असेल, तर ती कळ त्यांना दाखवून देणें हें घरांतील तरुणांचें कर्तव्य आहे.