वहीतले दोन रकाने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला याच शाळेत अपास्त शिकविला. समुद्र नसलेल्या बडोद्यात, त्याचा उपयोग काय, असे मी उद्धटपणे विचारले होते. उत्तर पुढे खंभातच्या आखातात मिळाले.

१९९०च्या दशकात, एकेकाळी बडोदे संस्थानात असलेल्या बिलिमोऱ्याहून आणि ध्रांगध्रा व वेरावळ येथून लोरान-सी यंत्रणेचे १०० किलोहर्ट्झचे संदेश निघत. दोन केंद्रांच्या संदेशांतील वेळेचा फरक सारखा असणारे बिंदू एका अपास्तावर येतात. असे दोन अपास्त छेदतात, तेथे आपले जहाज. ग्राहकयंत्र हे फरक मायक्रोसेकंदांत मोजी आणि त्यांवरून अक्षांश-रेखांश काढून देई.

मी नवखा. मार्गावरील बिंदू अक्षांश-रेखांशांतच वहीत उतरविले, मोजलेले फरक टाकून दिले. पुढे यंत्र बदलले आणि पहिल्याच फेरीत आम्ही वाळूच्या दांड्याकडे सरकलो! जमिनीवरून येणारी रेडिओलहर समुद्रावरील लहरीपेक्षा किंचित रेंगाळते. ध्रांगध्र्याची लहर तर सौराष्ट्राची भूमी ओलांडून येई. त्याची दुरुस्ती प्रत्येक यंत्र आपापल्या रीतीने करी, काही करीतच नसत. केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरसुद्धा एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर. मूळ फरक हाती असते, तर नेमके त्याच जागी परतता आले असते. कप्तान मला काही बोलले नाहीत. नांगर टाकून भरतीची वाट पाहिली.

त्यानंतर मी दोन रकाने ठेवले : मोजलेले आणि काढलेले. ती वही आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे.