हेलियम : न गोठणारा वायू
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



आदिलाबादकरांना थंडीचे नवल नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील या जिल्ह्यात ऐन हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. शून्य अंशाला पाणी गोठते; उणे १९० अंशांच्या आसपास हवासुद्धा द्रव होते. मात्र हेलियम या निष्क्रिय वायूने अशा थंडीलाही दाद दिली नाही.

त्याची पहिली चाहूल लागली ती सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर येथे यान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून तशाच ज्वाला न्याहाळल्या. वर्णपटातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची ठरेना. विजयदुर्गावरील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हा शोध तेथेच लागला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. परंतु लॉकियर त्या किल्ल्यावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तत्पूर्वीच, १८९५ मध्ये, रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम मिळाला होता.

त्याला द्रवरूप देण्याचा ध्यास हॉलंडमधील लायडेनच्या कामरलिंग ओनेस यांनी घेतला. १९०८ च्या आरंभी त्यांनी घन हेलियम मिळाल्याचे जाहीरही केले. पण वायूत हायड्रोजन मिसळलेला होता हे उमगताच दावा मागे घेतला. त्याच वर्षी १० जुलैला द्रव हायड्रोजनने आधी गार केलेला हेलियम दाबाखालून एकदम प्रसरण पावू दिला गेला. पात्रात काहीच दिसेना. तेव्हा एका सहकाऱ्याने खालून प्रकाश टाकण्यास सुचविले आणि द्रवाची कड चमकली! तापमान होते उणे २६९ अंश, म्हणजे सुमारे ४.२ केल्व्हिन.

पुढे ओनेस यांनी जवळजवळ १ केल्व्हिनपर्यंत मजल मारली, तरी तो द्रव गोठला नाही. हेलियमचे अणू अतिशय हलके. त्यांचे परस्पराकर्षण अगदी क्षीण. शिवाय पुंजभौतिकीच्या नियमानुसार निरपेक्ष शून्याजवळही अणूंचे स्पंदन पूर्णतः थांबत नाही. त्यामुळे केवळ थंडी पुरत नाही, सुमारे २५ वातावरणांचा दाबही लागतो. फेब्रुवारी १९२६ मध्ये ओनेस निवर्तले. चारच महिन्यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत केसोम यांनी दाब देऊन हेलियम गोठविला. घन व द्रव यांतील सीमा डोळ्यांना दिसत नव्हती. आतील ढवळणी अडकली, त्यावरून घनरूप कळले. २.१७ केल्व्हिनखाली तर हा द्रव उकळण्याचे बुडबुडे सोडून स्तब्ध होतो, सूक्ष्मातिसूक्ष्म छिद्रांतून विनाअडथळा वाहतो आणि पात्राच्या भिंतीवर चढतो. या अतिप्रवाही अवस्थेची ओळख १९३८ मध्ये जगाला झाली.

एमआरआय यंत्रांतील चुंबकांची वेटोळी अतिशीत ठेवण्यासाठी आज हाच द्रव वापरला जातो. असा हा हेलियम माणसाच्या हाती आला, त्यामागे चुकीचा दावा मोकळेपणाने परत घेणारा एक शास्त्रज्ञ होता. विजयदुर्गाच्या अभिमानालाही तीच कसोटी लावावी. १८९८ च्या ग्रहणाचा मान त्या किल्ल्याकडे राहतोच. ऐकीव गोष्ट पडताळून पाहण्याची सोय समाजाला असावी, म्हणूनच तर ग्रंथालये शंभर-शंभर वर्षे जपायची असतात.