खाल्लेले अंगी कसे लागते?

गडचांदूरजवळच्या अमलनाला धरणात पाणी साठले, एवढ्याने आपल्या वावरातली पऱ्हाटी भिजत नाही. कालवा, चारी, पाट, सरी असे करत पाणी मुळाशी गेले, तरच पीक डोलते. जेवणाचेही तसेच आहे बघा. घास पोटात गेला म्हणजे तो अंगी लागलाच असे नव्हे.

आपले शरीर असंख्य बारीक पेशींचे बनलेले आहे. एकेक पेशी म्हणजे एकेक झाडच समजा. भाकरीतल्या पिठाची पोटात साखर होते, वरणातली प्रथिने सुटी होतात. लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. त्याला आतून मखमलीसारखी लव असते. पिकाची केसमुळे जमिनीतले अन्न ओढतात, तशी ही लव पचलेले अन्न रक्तात ओढते. ते रक्त आधी यकृतात जाते. तिथे काही अन्न कोठारासारखे साठते. बाकीचे हृदयाच्या पंपाने सर्वांगात पोचते. शेवटी रक्तवाहिन्या केसाहून बारीक होतात. त्यांतून अन्नरस आणि प्राणवायू पाझरून पेशींना मिळतो.

आता हा पाट कुठे तुंबतो ते पाहू.

प्राणवायू वाहण्याचे काम रक्तातल्या तांबड्या पेशींचे. त्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले, की साखर पेशीपाशी येऊनही तिची पुरती ताकद मिळत नाही. मग कापूस वेचताना बाईला धाप लागते, आणि घरचे म्हणतात, आळस आला!

दुसरे कारण सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोली भागात हा आनुवंशिक आजार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच मोडते. हा आजार स्पर्शाने होत नाही, बरं का!

म्हणून एवढे करा :

१. तरोटा, चवळीची पालेभाजी, डाळी खा. सोबत लिंबू किंवा आवळा घ्या. त्याने लोह चांगले शोषले जाते.

२. जेवणाबरोबर चहा नको. तासभर थांबा. चहा लोह अडवतो.

३. ओल्या मातीत अनवाणी फिरू नका. अंकुशकृमी तळव्यातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात.

४. लग्न जुळवण्याआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणी करा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

५. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

पिकाची पाने पिवळी पडली, की आपण लगेच मूळ तपासतो. घरातल्या माणसाचा चेहरा पांढरा पडला, तर रक्त तपासायला उशीर का करायचा?