ऊन टिनावरच अडवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



२३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये अकोल्यात तो ४५ च्या वर गेला, तेव्हा उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. हे आकडे सावलीतले. आपल्या टिनाखालचा आकडा कोणी मोजला आहे का? तिथे घरची बाई चुलीपुढे बसते, म्हातारी माय खाटेवर पडून असते, आणि भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूसही तिथेच. कापूस घरात अन् माणसे अंगणात, अशी आपली तऱ्हा.

जुनी घरे धाब्याची होती. मातीच्या जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत सांज व्हायची. मग आपण टिने का टाकली? अक्कल नव्हती म्हणून नाही. लाकूड महागले, दरवर्षी धाब्यावर माती चढवायला माणूस मिळेना, पावसात धाबे गळू लागले. टिन स्वस्त पडले. पण तो पातळ पत्रा उन्हात ६० अंशांच्या पुढे तापतो आणि सगळी धग खाली सोडतो.

त्यावर आपण कूलर आणतो. कूलर वाईट नाही, पण हिशेब करा. २०० वॉटचा कूलर १२ तास चालला तर रोजचे २.४ युनिट, ९० दिवसांचे २१६ युनिट. मोठा कूलर दिवसाला ५० लिटरच्या वर पाणी पितो. ते पाणी कोणाच्या डोक्यावरून येते, ते मायबहिणींना विचारा. आणि भर दुपारी वीज गेली की कूलर म्हणजे नुसता पेटारा. जाळ तसाच ठेवून वरून फुंकर घालण्याचा हा प्रकार झाला.

म्हणून आधी ऊन टिनावर अडवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये टिन झाडून घ्या. चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात थोडा डिंक घाला आणि दोन हात मारा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. पावसात चुना धुपतो, तेव्हा दरवर्षी मारावा लागेल. नव्या चकचकीत पत्र्यावर चुना धरत नाही, तिथे छताचा पांढरा रंग लावा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि गंजलेल्या टिनावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका.

दुसरे, टिनाखाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधा. वरची गरम हवा निघून जायला दोन्ही टोके उघडी ठेवा. चूल आणि विजेच्या तारा यांपासून तट्टे लांबच हवेत.

तिसरे, पश्चिमेच्या भिंतीला सावली द्या. तुराट्यांचा मांडव घाला, त्यावर दोडक्याचा वेल सोडा. पऱ्हाट्या मात्र वापरू नका. त्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर येते.

चौथे, खिडक्या रात्री उघडा, ऊन चढले की बंद करा. कूलर चालू असेल तेव्हा मात्र समोरची खिडकी उघडी हवी. नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि कूलर असून घाम निथळतो.

एवढे केल्यावर कूलर १२ ऐवजी ६ तासच लावावा लागला, तर ९० दिवसांत १०८ युनिट वाचतील. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा कमी विजेचा ३० च्या आसपास. जुना जळाला की नवा घेताना हे विचारून घ्या.

माझ्या शब्दावर जाऊ नका. नवे बियाणे आपण आधी चार तासांत लावून बघतो ना? तसेच करा. अर्ध्या टिनाला चुना मारा, अर्धे तसेच ठेवा. दुपारी दोन वाजता दोन्हींखाली उभे राहा, आणि म्हातारीची खाट कुठे टाकायची ते तुम्हीच ठरवा.