गुन्ह्याआधीचं वाक्य



एखाद्या पतसंस्थेत अपहार झाल्याची बातमी फुटते, तेव्हा गावातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'तो? छे! देवमाणूस आहे हो!' आठवड्याभराने तीच मंडळी म्हणतात, 'मला तर आधीपासूनच संशय होता.' म्हणजे माणूस एक तर देव, नाही तर मुळातला चोर. पण चारचौघांसारखा सरळ माणूस चोरीपर्यंत पोचतो कसा, हे विचारायचं राहूनच जातं.

'मुळातला चोर' ही समजूत एके काळी शास्त्र म्हणून मिरवत होती. इटलीतले डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितलं, की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी-जबड्यावरून ओळखू येतात. चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधल्या सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापं घेतली आणि १९१३ साली हे खोडून काढलं. आपल्याकडे मात्र लोम्ब्रोझोंच्याही आधी, १८७१ साली, इंग्रजांनी कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला; सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ साली कायदा गेला, पण त्या जमातींपैकी एक असलेल्या पारध्याच्या पोराकडे बघायची नजर काही गेली नाही.

गुन्हा रक्तात शोधायचा नाही, तर कुठे शोधायचा? अमेरिकेतले डोनाल्ड क्रेसी त्यासाठी तुरुंगांत गेले. विश्वासाच्या जागी बसून पैसे खाल्लेल्या शंभरावर कैद्यांशी ते बोलले. एखाद्या कैद्याची हकिगत आपल्या तर्कात बसली नाही, की ते तर्कच बदलत. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापला. या माणसांपुढे कुणालाच सांगता येणार नाही अशी पैशाची अडचण होती. ती गुपचूप निस्तरण्याचा मार्ग त्यांच्या हाताशी होता. आणि पैशाला हात लावण्यापूर्वी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

हे तिसरं नीट पाहू. समजा, एक कॅशियर आहे. सट्ट्यात बुडालेल्या पैशाचा हप्ता उद्या भरायचाय. बायकोला सांगायची सोय नाही, साहेबांना तर नाहीच. संध्याकाळी रोकड मोजताना पाचशेच्या नोटांचं एक बंडल त्याच्या हातात येतं. 'आपण चोरी करतोय' असं तो मनात म्हणाला, तर ते बंडल पुन्हा तिजोरीत जाईल. तो म्हणतो, 'उसने घेतोय. एक तारखेला ठेवून देईन.' बंडल पिशवीत जातं. एक तारीख येते, हिशेब जुळत नाही, मग दुसरं बंडल. पकडला जाईपर्यंत तो स्वतःच्या लेखी कर्जदार असतो, चोर नव्हे. क्रेसींचं म्हणणं असं, की ही सबब मागाहून सुचलेली नसते. ती आधी येते आणि तिच्याशिवाय हात पुढे होत नाही.

चारच वर्षांनी, १९५७ साली, ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी गुन्ह्याकडे वळलेल्या मुलांबद्दल असंच काही मांडलं. या पोरांना बरंवाईट कळतं, म्हणूनच त्यांना सबबी लागतात. त्यांनी पाच प्रकार सांगितले. माझा नाइलाज होता. कुणाचं काय बिघडलं? त्याला तसंच पाहिजे होतं. बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? आणि पाचवी सबब: मित्रासाठी केलं. वीजमीटरमध्ये फेरफार करणाऱ्याच्या, पावतीशिवाय व्यवहार उरकणाऱ्याच्या तोंडीही यातलंच एखादं वाक्य असतं.

यात सगळे गुन्हे येत नाहीत. रागाच्या भरात डोक्यात घातलेली काठी सबब शोधत बसत नाही. दुसऱ्याच्या दुःखाने ज्यांना काहीच वाटत नाही, अशीही थोडी माणसं असतात. शिवाय क्रेसींना हे सारं कैद्यांनी मागाहून सांगितलं, आणि मागाहून सांगताना माणूस स्वतःला जरा सावरून घेतो. डोरोथी झाइट्झ यांनी तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून १९८१ साली लिहिलं, की त्यांच्यातल्या अनेकींची अडचण गुप्त नव्हतीच. नवऱ्यासाठी, मुलांसाठी केलं, असं त्या सांगत.

तरीही यातून हाती लागतं ते मोठं आहे. संस्था चालवणाऱ्यांनी ऑडिट करावं, अचानक रोकड तपासावी, हे आहेच. त्याबरोबर, कर्मचाऱ्याला आपली अडचण बेअब्रू न होता सांगता येईल अशी एक जागा हवी. आगाऊ पगार मागणाऱ्याला चारचौघांत सुनावणारा साहेब तिजोरीला धोका वाढवतो. आणि 'उसने घेतले तरी चोरीच' हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगून टाकावं, म्हणजे ती पळवाट आधीच बंद होते.

चोर ओळखण्याची खूण शोधण्यात शास्त्राने पुष्कळ वर्षं घालवली. त्यापेक्षा 'माझं प्रकरण वेगळं आहे' असं आपण मनात कधी म्हणतो, यावर लक्ष ठेवणं सोपं आहे आणि जास्त उपयोगाचंही.