शकुंतला, आजी आणि माझी लाज

हेडफोन लावलेत ना? चला तर मग, आज माझ्या गावाला जाऊ. कारंजा लाड, जिल्हा वाशिम. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, अशा चार वेशींचं गाव. बाहेरचे लोक इथं गुरुमंदिरात दर्शनाला येतात. आम्हा पोरांचं देवस्थान मात्र वेगळं होतं, रेल्वे स्टेशन!

कारण तिथं शकुंतला यायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. फाटक आलं की गाडी थांबायची, एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. तिकिटंसुद्धा गार्डच द्यायचे. आज कोणाला सांगितलं तर रील वाटेल, पण आमच्यासाठी ते रोजचं होतं.

ही लाईन टाकली इंग्रजांच्या काळात, किलिक निक्सन या कंपनीनं. कशासाठी? आपल्या वऱ्हाडातल्या कापसासाठी. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा. आणि गंमत बघा, शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरलाच तयार झालेलं! ते 15 एप्रिल 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही लाईन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली.

मी डिझेलवाला. वाफेचं इंजिन माझ्या आजीनं पाहिलेलं. तिचं माहेर दारव्ह्याच्या अलीकडं, एका खेड्यात. ती बसनं कधीच जायची नाही. म्हणायची, "बसमधी मले मयमय होते बाप्पा. अन् गाडीचं तिकीट किती, बसचं किती, हिशेब कर ना तू!" लहानपणी मी तिच्यासोबत जायचो. फडक्यात बांधलेली भाकर, ठेचा, कांदा. खिडकीतून हात काढला तर पऱ्हाटीला लागेल असं वाटायचं. गाडी इतकी हळू चालायची की आजी रस्त्यातल्या बायांना डब्यातूनच विचारायची, "काय व माय, झाला काय निंदणाचा सौदा?" आणि उत्तर येईपर्यंत गाडी तिथंच असायची!

मग मी दहावीत गेलो. मित्रांकडे गाड्या आल्या. शकुंतलेत बसणं म्हणजे गावंढळपणा, असं आमचं ठरलं. त्या दिवाळीत आजी म्हणाली, "चाल, भाऊबीजेले जाऊ." मी म्हटलं, मी बसनं येतो, तू ये गाडीनं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "लाज वाटते काय रे बापू?" मी बोललो नाही. ती पिशवी घेऊन एकटी स्टेशनवर गेली. मी बसनं आधी पोचलो आणि तिची वाट बघत बसलो. बराच वेळ.

पुढं मी कॉलेजला पुण्याला आलो आणि तिकडं शकुंतला बंद पडली. आजीचं माहेरी जाणं कमी कमी होत गेलं. कुणी न्यायला आलं तरच. आता तीही नाही.

मंडळी, आज माझ्या सगळ्या मित्रांच्या स्टेटसला शकुंतलेचे फोटो असतात. 'मिस यू शकुंतला', वर रडका इमोजी. मीही टाकलाय, खोटं कशाला बोलू? पण ती चालू होती तेव्हा आम्ही तिच्यात बसलो नाही. आमची आठवण गेली, आजीचं तर माहेरच तुटलं. ज्यांना बसचं भाडं जड व्हायचं, त्यांच्यासाठी ती गाडी जुनी-बिनी नव्हती, गाडी होती. तिथं ब्रॉडगेज व्हावं ही लोकांची मागणी आहे. ते झालं तर पहिल्या दिवशी सेल्फी काढायला गर्दी होईल. मला दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसायचंय, तिकीट काढून.

तुमच्या गावातलं असं काय होतं, ज्याची तुम्हाला तेव्हा लाज वाटायची? व्हॉइस नोट पाठवा. आणि आजी घरी असेल तर हा भाग संपल्यावर आधी तिला फोन करा. भेटू पुढच्या भागात. येतो!